सेकंडहँड झेरॉक्स मशीन खराब निघाली, आता ग्राहक आयोग, दिवाणी दावा की पोलीस?

माझ्या मेव्हण्याने भांडुपच्या दुकानासाठी एका डीलरकडून 72 हजारांना सेकंडहँड झेरॉक्स मशीन घेतली. व्हॉट्सअॅपवर डीलरने काउंटर (मशीनने आजवर काढलेल्या पानांचा आकडा) 80 हजार सांगितलेला, आठव्या दिवशी प्रत्येक पानावर उभी काळी रेघ यायला लागली, मेकॅनिकने काउंटरचं पान काढलं तर 6 लाखांच्या वर आकडा! डीलर म्हणतो सेकंडहँडला गॅरंटी नसते. असं ऐकून लोक गप्प बसतात त्याचंच वाईट वाटतं.

आधी बघायचं ते एवढंच की मशीन कोण चालवतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर तुम्ही ग्राहकच. मेव्हणा स्वतः मशीनवर उभा असतो म्हणून मी त्याला आयोगच सांगितला. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील नसला तरी चालतं, आपण राहतो तिथल्याच आयोगात जाता येतं म्हणजे मुंबई उपनगरवाल्यांना वांद्रे, मुदत 2 वर्षं. बिलावर परतीची मुदत नसेल तर 30 दिवसांत खराब माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरतात, म्हणून मागणी लगेच आणि लेखी करा. निकाल 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5, असं कायदा म्हणतो पण जास्तच लागतात हे धरून चला.

चार मशीन आणि पगारी माणसं असतील तर मात्र दिवाणी दावा. 1930 चा माल विक्री कायदा लागतो, मुदत 3 वर्षं, पण कोर्ट फी आणि वकील धरला तर 72 हजारांसाठी मला परवडणारं वाटत नाही. आणि घेताना मशीन तपासली असेल तर तेव्हाच दिसायला हवा होता असा दोष नंतर सांगता येत नाही.

पोलिसांकडे लोक सगळ्यात आधी धावतात, तिथे सिव्हिल मॅटर सांगून परत पाठवतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 ला, म्हणजे फसवणुकीला, विकतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, काउंटरचा खोटा मेसेज असेल तर तक्रारीत दम आहे, पण पैसे वसूल करून देणं हे पोलिसांचं काम नाही.

मेव्हण्याने आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस. मशीन उघडू दिलेली नाही, मेकॅनिककडून सहीनिशी रिपोर्ट घेतला आणि काउंटरचं ते पान बिलाला पिन करून ठेवलंय.