पियानोचा ट्यूनिंग लिव्हर आणि ट्यूनिंग ॲप, काही महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, ॲप भारी आहे, पण नुसत्या ॲपवर पियानो सुरात येत नाही. सेटमध्ये लिव्हर, बाजूच्या तारा गप्प करायला रबरी पाचरी आणि फेल्टची लांब पट्टी आली, मी अपराइट म्हणजे उभ्या पियानोवर वापरतोय. लिव्हरचं टोक चांदणीच्या आकाराचं, पिनवर, म्हणजे तार गुंडाळलेल्या खुंटीवर, घट्ट बसतं, डगडगत नाही. पाचरी ठीकठाक.

खरी मेहनत पिनची. पियानोत २३० च्या आसपास तारा, एकेकीवर साधारण ७० किलोचा ताण, आणि पिन लाकडात नुसत्या घर्षणावर टिकून असते. लिव्हर ओढला की पिनचा वरचा भाग पिळला जातो पण आत लाकडात ती हललेलीच नसते, मग ॲपवर काटा बरोब्बर मध्ये दिसतो आणि थोड्या वेळाने सूर परत उतरलेला. म्हणून किंचित वर न्यायचं, हलकेच खाली आणायचं आणि मग पियानोची तीच की चांगली जोरात वाजवून बघायची, टिकला तर टिकला. हे कुठलंच ॲप शिकवत नाही.

मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला ३ तारा असतात ना, तिथे मी ॲप बंदच करतो. ४४० हर्ट्झला १ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) म्हणजे जेमतेम पाव हर्ट्झ, त्यामुळे एक तार १ सेंट वर आणि दुसरी १ सेंट खाली असली तरी ॲप दोन्हींना हिरवा दिवा देतं, आणि एकत्र वाजवल्या की दर दोन सेकंदांनी वाँव वाँव करत लहर येते. एक तार ॲपने लावायची, बाकीच्या दोन कानाने. ती लहर हळूहळू लांबत जाऊन गायब होते तेव्हा जी मजा येते ना, सेट घेतल्याचं सार्थक!

आणि हो, गिटारचा ट्यूनर पियानोला चालवू नका. पोलादी तारा ताठ असल्यामुळे त्यांचे ओव्हरटोन (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) हिशेबापेक्षा थोडे चढे पडतात, म्हणून वरची सप्तकं जरा चढी आणि खालची जरा उतरती लावावी लागतात. पियानोसाठी बनवलेलं ॲप आधी तुमच्याच तारा मोजून ते ठरवतं. इथे मात्र ॲपला पूर्ण मार्क.

एक अनपेक्षित फायदा म्हणजे हवेचा परिणाम आकड्यात दिसायला लागला. दमट हवेत साउंडबोर्डचं, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या फळीचं, लाकूड फुगतं, तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज वर उचलला जातो, मधली सप्तकं चढतात, कोरड्या हवेत उलटं. त्यामुळे लिव्हरच्या आधी आर्द्रता मोजायचं यंत्र घ्या, ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवता आलं तर ट्यूनिंगच कमी करावं लागेल.

अगदी वरच्या सप्तकाला मी अजून हात लावत नाही, तिथे लिव्हर केसभर हलला तरी सूर कुठल्या कुठे जातो. आणि पियानो अर्धा सूर वगैरे उतरला असेल किंवा पिना सैल असतील तर हा सेट घेऊच नका, जुन्या तारा तुटायची भीती असते, ते काम पियानो ट्यून करणाऱ्या कारागिराचंच.