विम्बल्डनच्या पहिल्या फेरीवर लावायचं तर दुकान की एक्सचेंज? (लंडनवाल्यांसाठी रिव्ह्यू)

जून संपत आला की इथली आपली मराठी मंडळी हळूच बाजूला घेऊन विचारायला लागतात, टेनिसवर थोडे लावायचे तर कुठे लावू, हाय स्ट्रीटवरच्या बेटिंगच्या दुकानात की फोनवरच्या एक्सचेंजवर (म्हणजे जिथे कंपनीशी नाही, लोक एकमेकांशीच बेट लावतात). दोन्ही मी बरीच वर्षं वापरतोय, त्यामुळे एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपन्यांची नावं घेणार नाही, मोठ्या कंपन्यांचा माल बराचसा सारखाच असतो. आणि हे फक्त पहिल्या एक-दोन फेऱ्यांबद्दल आहे हां, क्वार्टर फायनलपासून पुढे सगळ्या जगाचा पैसा चार मॅचवर आलेला असतो, तिथे आपल्यासारख्याला शोधायला काही उरत नाही.

आधी दुकान. आत शिरलात की चारी बाजूंनी घोडे आणि ग्रेहाउंड, टेनिसचा स्क्रीन असलाच तर कोपऱ्यात. वयाने लहान दिसत असाल तर आयडी मागतात, पंचविशीच्या आतला वाटलात तरी मागतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. विम्बल्डनच्या पहिल्या दोन दिवसांत पुरुष-महिला मिळून १२८ मॅच असतात, त्या सगळ्यांचे भाव भिंतीवर लावणं शक्यच नाही, म्हणून टेनिससाठी सेल्फ सर्व्हिस मशीन वापरायचं. कॅश टाका, मॅच शोधा, स्लिप घ्या, विषय संपला. अकाउंट नाही, ईमेल नाही, रात्री साडेअकराला "तुमच्यासाठी खास ऑफर" नाही, आणि खिशात वीस पाउंड घेऊन गेलात तर वीसच जातात. मला दुकानाचा हा एकच गुण खरंच आवडतो.

पण भाव! दुकानाचा भाव म्हणजे समजा सीडेड (मानांकित) प्लेअर १/४ आणि समोरचा ११/४. पहिल्यावर चार लावले तर एक सुटतो, दुसऱ्यावर चार लावले तर अकरा. या भावातून जिंकायची शक्यता टक्क्यात काढा, पहिल्याला ८० टक्के, दुसऱ्याला २६.७ टक्के, बेरीज १०६.७. हे वरचे पावणेसात टक्के दुकानदाराचे, मॅच कोणीही जिंको. एक्सचेंजवर साधारण त्याच मॅचला १.२८ आणि ४.५ असे भाव दिसतील (एक पाउंड लावून जिंकलात तर मूळ रकमेसकट एवढे परत), टक्क्यांची बेरीज शंभराच्या जरा वर, पण तिथे जिंकलेल्या रकमेवर कमिशन कापतात, साधारण २ ते ५ टक्के. तरीही एक्सचेंज स्वस्तच पडतं, खासकरून समोरच्या कच्च्या लिंबूवर लावत असाल तर.

आता पहिली फेरी वेगळी का, तर गवत. फ्रेंच ओपन संपल्यावर मधे फक्त तीन आठवडे (२०१५ च्या आधी तर दोनच होते), त्यात बरेच मोठे सीड एखादी स्पर्धा खेळतात नाहीतर तीही नाही. उलट क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरीतून आलेला जो असतो, तो रोहॅम्प्टनला (पात्रता फेरी तिथे होते) गवतावर तीन मॅच जिंकून आलेला असतो, त्याचे पाय सेट झालेले असतात. शिवाय पहिल्या दिवसांत बेसलाइनजवळचं गवत हिरवंगार आणि निसरडं, मातीवर घसरत खेळायची सवय असलेल्याची इथे पंचाईत होते. भाव मात्र लोकांच्या पैशाने पण हलतो आणि लोक नाव बघून लावतात.

२०२५ ला काय झालं आठवा. पुरुषांचे १३ आणि महिलांचे १०, असे २३ सीड पहिल्याच फेरीत घरी. नुकतीच फ्रेंच ओपन जिंकलेली कोको गॉफ यास्त्रेम्स्काकडून, झ्वेरेव्ह रिंडरनेशकडून पाच सेटमध्ये, मेदवेदेव बोंझीकडून, मुसेटी बासिलाश्विलीकडून, आणि रूने तर दोन सेट पुढे असताना निकोलस हॅरीकडून. मग कोणी म्हणेल, ठीक आहे, गवतावर खेळून आलेल्यांवरच लावू. पेगुलाने आदल्याच आठवड्यात बाड होम्बुर्गला फायनलमध्ये श्वियाँतेकला हरवून गवतावरची स्पर्धा जिंकली होती, आणि ती पहिल्या फेरीत कोचारेत्तोकडून ६-२, ६-३ हरली. म्हणजे फॉर्म्युला वगैरे काही नाहीये राव, फक्त एवढंच की १/१० चा भाव "खात्रीचा" म्हणून विकला जातो तेव्हा तो तेवढ्या खात्रीचा नसतो.

म्हणूनच ॲका, म्हणजे पाच-सहा फेव्हरेट एकत्र बांधून लावायचं ते, हे या फेरीतलं सगळ्यात टुकार प्रॉडक्ट आहे. दुकानाचं मशीन तेच आधी पुढे करतं, ॲपही तेच. पाच जणांवर प्रत्येकी १/१० म्हणजे दहाचे सोळा होतात, बरं वाटतं. पण प्रत्येकाची जिंकायची शक्यता ८८ टक्के धरा, पाचही जिंकायची शक्यता येते जेमतेम ५३ टक्के. म्हणजे जवळजवळ छापा-काटा, आणि त्यावर दहाचे सोळा. गॉफ आणि पेगुला एकाच मंगळवारी गेल्या, त्या दिवशी किती जणांच्या ॲका फाटल्या असतील देव जाणे.

आता खरा मुद्दा, आणि याच्यावर दुकानवाले, ॲपवाले कोणीच बोलत नाहीत: प्लेअरने मॅच अर्ध्यात सोडली तर तुमच्या पैशाचं काय. पहिल्या फेरीत हे बऱ्याचदा होतं कारण बक्षिसाची रक्कम मोठी असते, २०१७ ला पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही ३५ हजार पाउंड होते, त्यामुळे दुखापत असली तरी लोक कोर्टवर उतरायचे. त्या वर्षी सेंटर कोर्टवर एकाच दिवशी जोकोविचसमोर क्लिझान आणि फेडररसमोर डोल्गोपोलोव्ह, दोघंही अर्ध्यात सोडून गेले, प्रेक्षक वैतागले. २०१८ पासून ग्रँड स्लॅमनी नियम आणला की दुखापतवाल्याने मॅचआधीच माघार घेतली तर अर्धी रक्कम त्याला मिळेल, पण म्हणून प्रॉब्लेम संपला असं नाही.

कंपन्यांचे नियम तीन प्रकारचे असतात. काही ठिकाणी पहिला बॉल पडला की बेट चालू, पुढच्या फेरीत जो जाईल तो विजेता. काही ठिकाणी एक सेट पूर्ण व्हायला हवा. काही ठिकाणी अख्खी मॅच पूर्ण व्हायला हवी, नाहीतर पैसे परत. आता २९ जून २०२१ घ्या, सेंटर कोर्ट. फेडरर आणि मानारिनो दोन-दोन सेट बरोबरीत, मानारिनो घसरला, गुडघा गेला, रिटायर. लगेच पुढची मॅच, सेरेना विल्यम्स आणि सास्नोविच, ३-३ वर सेरेना घसरली, रडत बाहेर गेली, ती पण रिटायर. फेडररवर लावलेल्यांना पहिल्या दोन नियमांत पैसे मिळतात, तिसऱ्यात मूळ रक्कम परत. सेरेनावर लावलेल्यांचे पहिल्या नियमात पैसे गेले, बाकी दोन्हीत परत. तोच दिवस, तेच कोर्ट, तेच निसरडं गवत, आणि तुमचा निकाल ठरला तुम्ही कुठे लावलं यावर. मी फेव्हरेटवर लावताना पूर्ण मॅचचा नियम बघतो आणि समोरच्यावर लावताना पहिल्या बॉलचा, कारण पहिल्या फेरीत मोठं नाव लंगडत उतरण्याचा चान्स नेहमीपेक्षा जास्त. हा नियम शोधायला मशीनवर फार खोल जावं लागतं, काउंटरवर विचारलं तर तिथल्या बिचाऱ्यालाही सांगता येतंच असं नाही. एक्सचेंजवर निदान मार्केटच्या माहितीतच लिहिलेलं असतं, त्यासाठी अर्धा स्टार जास्त.

एक्सचेंजचा दुसरा फायदा म्हणजे लगाई-खाई दोन्ही करता येते. एखादा जिंकणार नाही असं वाटलं तर त्याचा भाव खायचा, म्हणजे त्याच्या विरुद्ध लावायचं, दुकानात ही सोय नाही. आणि पाच सेटच्या मॅचमध्ये मधेच बाहेर पडता येतं. टेलर फ्रिट्झ २०२५ ला पहिल्या फेरीत एम्पेत्शी पेरिकारसमोर दोन सेट मागे होता, दोन्ही टायब्रेकमध्ये गेलेले. (त्या पोराने १५३ मैल वेगाची सर्व्हिस टाकली, विम्बल्डनमधली सगळ्यात वेगवान, आणि तो पॉइंट हरला!) चौथा सेट टायब्रेकमध्ये फ्रिट्झकडे, मग रात्री खेळ थांबला, दुसऱ्या दिवशी येऊन फ्रिट्झ जिंकला. अशा मॅचमध्ये रात्रभर पैसे अडकलेले असताना थोडे सोडवून घेता येणं हीच खरी सर्व्हिस.

पण लाइव्ह लावताना एक लक्षात ठेवा, टीव्हीवरचं चित्र मागे असतं, मोबाइल स्ट्रीम तर अजून मागे, आणि वर एक्सचेंज तुमची बेट काही सेकंद अडवून धरतं. तुम्हाला ब्रेक पॉइंट दिसतोय तोवर भाव हललेला असतो. पॉइंट टू पॉइंट खेळणाऱ्यांसाठी हे नाहीच, सेट संपल्यावर बाजू बदलताना लावा. शिवाय कोर्ट १४-१५ वरच्या दोन अनोळखी नावांच्या मॅचला एक्सचेंजवर पैसाच नसतो, लगाईच्या आणि खाईच्या भावांत एवढी दरी की तिथे दुकान बरं. पैसा येतो तो मॅच सुरू व्हायच्या जरा आधी.

ब्रिटिश वाइल्ड कार्डवर (आयोजकांनी थेट प्रवेश दिलेल्यांवर) मात्र कुठेच लावू नका, लोक देशप्रेमाने लावतात आणि भाव आधीच पडलेला असतो.

आता तक्रार. एका मोठ्या ऑनलाइन बुकीकडे (एक्सचेंज नाही, साधा बुकी) माझं अकाउंट थोडे दिवस नफ्यात राहिलं, तर त्यांनी मर्यादा इतकी खाली आणली की एका बेटला काही पेनी. कारण विचारलं तर "ट्रेडिंग डिसिजन". हरत होतो तेव्हा वाढदिवसाला फ्री बेट येत होती! फ्री बेटमध्येही मूळ रक्कम परत मिळत नाही, फक्त नफा मिळतो, ते बारीक अक्षरात. एक्सचेंजला कमिशन मिळतं म्हणून त्यांना जिंकणारा चालतो, हा फरक मोठा आहे.

पुण्या-मुंबईहून मेसेज करणाऱ्यांना, हे सगळं यूकेतलं लायसन्सवालं आहे, १८ पूर्ण असलेल्यांसाठी. भारतात २०२५ च्या कायद्याने पैशावरचे ऑनलाइन गेम बंद आहेत, टेलिग्रामवर सट्ट्याचे आयडी विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, मला लिंक मागू नका. इथेही क्रेडिट कार्ड २०२० पासून चालत नाही, आणि अकाउंट उघडल्या उघडल्या डिपॉझिट लिमिट लावून घ्या. हात थांबत नसेल तर गॅमस्टॉपवर (स्वतःला बेटिंगपासून बंद करून घ्यायची सोय) नाव टाका, सगळे लायसन्सवाले ऑनलाइन एकदम बंद होतात. दुकानांसाठी ते वेगळं करावं लागतं.

तर दुकान पाचपैकी दोन, एक्सचेंज साडेतीन, ॲका शून्य. एक्सचेंजवर अकाउंट काढायचं असेल तर ड्रॉच्या (कोण कोणाशी खेळणार ते ठरतं त्या) आठवड्यात काढू नका, पासपोर्ट आणि पत्त्याची कागदपत्रं तपासायला वेळ लागतो आणि तोवर पहिल्या फेरीचा सोमवार निघून जातो, मे महिन्यातच करून ठेवा.