चार प्रोग्राम जोडून देणारी सेवा : दीड वर्ष वापरल्यावर

आमच्याकडे भाड्याने दिलेले २१२ फ्लॅट आहेत आणि चार प्रोग्राम. करार एकावर, हिशेब दुसऱ्यावर, दुरुस्तीच्या तक्रारी तिसऱ्यावर, दाराची कार्डं चौथ्यावर. हिशेब मी बघते. दीड वर्षापूर्वी हे चारही जोडून देणारी एक सेवा आम्ही घेतली. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

आधी चांगलं सांगते. पूर्वी माणूस घर रिकामं करून जायचा, मी त्याची अनामत परत करायचे, तरी त्याच्या कार्डाने दार उघडतच राहायचं. ते बंद करा म्हणून सांगायचं कुणाच्या तरी लक्षात राहावं लागे, आणि कुणाच्याच राहत नसे. आता करार संपल्याची नोंद पडली की त्याच दिवशी कार्ड बंद. एवढ्यासाठी मी या सेवेला पैकीच्या पैकी द्यायला तयार आहे.

जोडणीला दोन आठवडे लागतील म्हणाले होते, लागले साडेतीन महिने. त्यात त्यांचा दोष थोडाच. एपीआय (प्रोग्रामांनी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करायची सोय) जोडून चालू करणं दोन आठवड्यांतच झालं; उरलेला वेळ आम्ही आपसांत भांडलो. वाद काय, तर भाडेकरू म्हणायचं कुणाला! करारात तो सही करणारा. माझ्या खात्यात तो पैसे भरणारा, मग ती त्याची कंपनी का असेना. तक्रारींत, ज्याने फोन केला तो. एका फ्लॅटला तीन भाडेकरू निघाले आणि तिन्ही टेबलांवरची माणसं आपापल्या जागी बरोबर. शेवटी नावावरून जुळवणं सोडलं आणि सगळीकडे करार क्रमांक घातला. हे काम सेवा घेण्याआधीच करून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

जुन्या नोंदी एक्सेलमधून दिल्या, तिथेही गंमत. फ्लॅट '३-४' ची तारीख झाली. ०१०७ चं १०७ झालं. १६ आकडी मीटर क्रमांकांचा शेवटचा आकडा शून्य, कारण एक्सेल संख्येचे १५ च आकडे धरतं. त्यांच्या माणसाने पहिल्याच चाचणीत हे पकडलं : "मॅडम, सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाईल) डबल क्लिक करून उघडू नका. इम्पोर्ट करा आणि तो कॉलम टेक्स्ट ठेवा." माणूस हुशार होता. दुर्दैवाने चार महिन्यांनी त्याच्या जागी दुसरा आला.

आता वाईट. त्यांनी सगळी माहिती दुतर्फा ठेवली होती, म्हणजे कुठेही बदला, चारही ठिकाणी बदलणार. ऐकायला छान! तक्रार घेणाऱ्या मुलाने नळ गळतोय म्हणून फोन करणाऱ्या पाहुण्याचा नंबर लिहून घेतला, तो थेट करारात जाऊन बसला, आणि पुढच्या महिन्यात भाड्याची आठवण त्या पाहुण्याला गेली. त्यानंतर प्रत्येक रकान्याला एकच मालक ठरवला : फोन नंबर फक्त करारात बदलायचा, बाकीच्यांनी तो नुसता वाचायचा. प्लंबरला बँकेचा तपशील दिसत होता, तोही तेव्हाच बंद करून घेतला.

दुसरा घोळ दुहेरी पावत्यांचा. पैसे आले की वेबहुकने (काही घडलं की एका प्रोग्रामने दुसऱ्याला आपोआप कळवायची सोय) निरोप येतो. माझ्या प्रोग्रामने पोच द्यायला उशीर केला की तोच निरोप पुन्हा येतो, आणि पावती दोनदा. बँकेशी ताळमेळ लावताना मला ७ सापडल्या. निरोप पुन्हा पाठवणं चूक नाही, वेबहुक असेच चालतात. पण व्यवहार क्रमांक आधी आलाय का, हे तपासायला नको? सांगितल्यावर केलं, पण नऊ दिवसांनी.

जे मुकाट्याने आवडतं ते म्हणजे नाकारलेल्या नोंदींची यादी. कुठली नोंद पुढे गेली नाही आणि का, हे रोज सकाळी एका पानावर दिसतं. चहाच्या आधी मी तेच उघडते. विक्रेता दाखवायला येईल तेव्हा रंगीत आलेख राहू द्या, हे पान आधी मागा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा आणखी दिला असता, पण आम्ही भांडून ठरवलेले जुळवणीचे सगळे नियम त्यांच्या प्रोग्राममधून बाहेर काढता येत नाहीत. सेवा सोडली तर ते तिथेच राहणार. नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. नियमांची फाईल द्या, असं मी लेखी मागितलंय. अजून उत्तर नाही.