काळ्या जमिनीतल्या द्राक्षबागेत टेन्शिओमीटर: एका हंगामानंतर

निफाड तालुक्यातली भारी काळी जमीन, बोदावर (मातीच्या उंच वरंब्यावर) ठिबक. गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या छाटणीच्या) वेळी एकाच झाडाजवळ दोन टेन्शिओमीटर, म्हणजे पाणी कधी द्यायचं ते कळावं म्हणून जमिनीत रोवायची यंत्रं, बसवले, एक फुटावर आणि दोन फुटांवर. आता माल उतरलाय, म्हणून लिहितो.

यंत्र अगदी साधं. पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र सिरॅमिकचा कप, वर व्हॅक्यूमचं घड्याळ (गेज). माती सुकली की कपातून पाणी ओढते आणि काटा चढतो. जमिनीत पाणी किती आहे हे तो सांगत नाही, मुळीला ते ओढायला किती जोर लागतोय ते सांगतो. काळ्या रानात हेच हवं, कारण इथे ओल भरपूर दिसते, पण चिकणमाती ती सहजी सोडत नाही. काटा 10 सेंटीबारच्या (या ओढीचं माप) खाली असला की वाफसा नाही, म्हणजे माती इतकी ओली की मुळ्यांना हवा मिळत नाही. 30 च्या आसपास वेल खूश. 80 च्या पुढे नळीत हवा शिरते, मग आकड्यावर विसंबू नका.

खरा फायदा जोडीचा. वरचा काटा चढतोय आणि खालचा मात्र 10 वरच बसलाय, याचा अर्थ पाणी मुळ्यांखाली चाललंय. हे दिसल्यावर सलग मोटर चालवायची सोडून तेच पाणी थोडं थोडं, दोन वेळा द्यायला लागलो. खालचा काटा हळूहळू वर आला. एकटा सेन्सर घेणार असाल तर माझ्या मते घेऊच नका.

कटकटीही आहेत. कप रात्रभर भिजवावा लागतो, नळीत उकळून गार केलेलं पाणी भरावं लागतं, हवेचे बुडबुडे काढावे लागतात. काळी माती सुकली की नळीपासून सुटते आणि त्या फटीतून पाणी थेट कपापर्यंत उतरतं. काटा ओल दाखवतो, शेजारची माती कोरडी. त्याच मातीचा चिखल करून कप बसवायचा आणि वर मातीची भर द्यायची, हाच इलाज. निफाडच्या थंडीत घड्याळाला गोणपाटही गुंडाळलं, नळीतलं पाणी गोठलं तर यंत्र गेलंच. ब्लोअरवाल्याला (फवारणी यंत्र चालवणाऱ्याला) दिसावं म्हणून शेजारी लाल फडकं बांधा.

मोबाईलवर ओलीचे टक्के दाखवणारा कपॅसिटन्स सेन्सर शेजारच्या बागेत आहे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विजेचा भार साठवायला मदत करण्याचा गुण) 80 च्या आसपास, कोरड्या मातीचा 3 ते 5, या फरकावर तो चालतो. पण चिकणमाती आणि खतातले क्षार त्याला चकवतात. आलेख चढतो की उतरतो एवढंच बघा, टक्केवारी सोडून द्या. उसाला मात्र एवढा खटाटोप नको. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने काढलेला दिव्यांचा ओलावा-दर्शक पुरे: निळा-हिरवा असेल तर थांबा, लाल लागला की पाणी द्या.

खरड छाटणीला (माल उतरल्यानंतरच्या छाटणीला) मुरमाड तुकड्यात दुसरी जोडी लावणार आहे. तिथे खालची नळी दीड फुटावरच, कारण त्याखाली पहारही जात नाही.