स्मूथपणाची कसोटी: फूरिए घ्यावा की जोरिस?

मुंबई विद्यापीठात कलिन्याला एम.एस्सी. करताय आणि प्रकल्पाला ‘वास्तव चलाचं फलन स्मूथ कधी असतं’ हा विषय घ्यायचं ठरलंय, तर पुढचा प्रश्न कसोटी कोणती घ्यायची हा. स्मूथ म्हणजे डेरिव्हेटिव्ह कितीही वेळा घेता यावा. बर्नस्टाइनचं १९१४चं प्रमेय (सगळे डेरिव्हेटिव्ह ऋण नसतील तर फलन घातश्रेणीने मांडता येतं) सुंदर आहे, पण त्यात फलन स्मूथ आहे हे आधीच धरलेलं असतं. इथे ते उपयोगाचं नाही. उरतात दोन.

फूरिएची कसोटी संतत, आवर्ती फलनांची. असं फलन साइन-कोसाइन लहरींच्या बेरजेत (फूरिए श्रेणीत) मांडतात; ‘न’व्या लहरीला गुणणारी संख्या म्हणजे ‘न’वा सहगुणक. हा सहगुणक ‘१/न’च्या कोणत्याही घातापेक्षा वेगाने शून्याकडे गेला तर फलन स्मूथ, आणि उलटही खरं. |क्ष| उणे पाय ते पाय घेऊन तोच तुकडा पुढे जोडत गेलात, तर विषम ‘न’चे सहगुणक १/न² च्या वेगाने उतरतात. तेवढं पुरत नाही. सोय मोठी: मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगला फूरिए श्रेणी असते, त्यामुळे चर्चेला सोबत सहज मिळते. अडचण अशी की सहगुणकांच्या वेगावरून आलेखात कुठेतरी टोकदार कोपरा आहे हे कळतं, तो कुठे आहे ते लगेच दिसत नाही. शिवाय संगणकावर काढलेले मोजके सहगुणक म्हणजे सिद्धता नव्हे.

जोरिसचं प्रमेय १९८२चं. फ या फलनाचा वर्ग फ² आणि घन फ³ दोन्ही स्मूथ असतील, तर फ स्मूथ. हे पहिल्यांदा वाचताना खरं वाटत नाही! एकटा वर्ग पुरत नाही: |क्ष|चा वर्ग स्मूथ आहे. एकटा घनही नाही: क्षचं घनमूळ घ्या. दोन्ही मिळून मात्र पुरतात. आणि ‘कितीही वेळा’ ही अट सैल करता येत नाही. |क्ष|चा घन दोनदा नीट डिफरन्शिएट होतो, वर्ग तर कायमच, तरी |क्ष| स्वतः शून्यापाशी एकदाही होत नाही. तोंडी परीक्षेत हे उदाहरण फळ्यावर मांडता आलं पाहिजे.

हाती मोजमापाचा डेटा असेल आणि पुढे सिग्नल प्रोसेसिंगकडे जायचं असेल, तर फूरिएच घ्या. शुद्ध अनॅलिसिस आवडत असेल, तर माझं मत ठामपणे जोरिसच्या बाजूने आहे. विधान चटकन समजतं आणि सिद्धता मनापासून काम करायला लावते.

जिथे फ शून्य नाही तिथे फ म्हणजे फ³ भागिले फ², प्रश्नच मिटला. शून्यबिंदूपाशी (तो क्ष = ० धरा) फ²चा क्रम, म्हणजे शून्येतर असलेला पहिला डेरिव्हेटिव्ह कितवा ते, सांत असेल, तर एखाद्या पूर्णांक ‘क’साठी फ² = क्ष^(२क)·अ आणि फ³ = क्ष^(३क)·ब निघतं, इथे अ आणि ब स्मूथ व शून्यापाशी शून्येतर; म्हणून फ = क्ष^क·ब/अ. हे एका बैठकीत जमेल. सेमिस्टरचा बाकीचा वेळ ई^(−१/क्ष²) सारख्या फलनांसाठी राखून ठेवा, ज्यांचे शून्यापाशी सगळेच डेरिव्हेटिव्ह शून्य असतात, म्हणजे क्रम सांत नसतो.