थर्टी-थर्टी की थ्री-ओ-एट?

अमेरिकेत हरणाच्या शिकारीचं काडतूस म्हटलं की जुनी मंडळी थर्टी-थर्टी विंचेस्टरचंच नाव घेतात. १८९५ मध्ये बाजारात आलेलं हे काडतूस. पहिला तीस म्हणजे बंदुकीच्या नळीच्या आतला व्यास, ०.३० इंच, दुसरा तीस म्हणजे मुळात भरलेली तीस ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप, सुमारे ०.०६५ ग्रॅम) बिनधुराची दारू.

समोर थ्री-ओ-एट (.३०८) विंचेस्टर, १९५२ चं काडतूस. दोन्हींत १५० ग्रेनची गोळी घेतली, तर थर्टी-थर्टीचा वेग सेकंदाला सुमारे २,३९० फूट, थ्री-ओ-एटचा २,८२०. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशे यार्डांवर पहिली सात-आठ इंच खाली येते, दुसरी साधारण चार.

हा फरक नुसत्या दारूचा नाही. थर्टी-थर्टीच्या लिव्हर रायफलीत (खालचा दांडा ओढून काडतूस भरायची रायफल) काडतुसं बंदुकीच्या नळीखालच्या वेगळ्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर (ठिणगी पाडणाऱ्या भागावर) आदळून बार उडायचा, म्हणून तिचं नाक चपटं ठेवतात. चपटं नाक हवेत वेग लवकर गमावतं. हल्ली मऊ प्लास्टिकच्या टोकाच्या गोळ्या मिळतात, त्यांनी थोडी भरपाई होते.

मग कीर्ती फुकटची? मुळीच नाही. पेनसिल्व्हेनियाच्या दाट रानात पांढऱ्या शेपटीचं हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आतच दिसतं. तिथे हलकी, आखूड, कमी धक्का देणारी रायफल सरस. मोकळ्या माळावर मात्र मी बिनदिक्कत थ्री-ओ-एट म्हणेन. दीडशे यार्डांपुढे थर्टी-थर्टीचं कौतुक बरंचसं आजोबांच्या रायफलीवरचं प्रेम असतं.