ओपनजीएल लायब्ररी विंडोज, मॅक आणि लिनक्सवर न्यायची: कोणता रस्ता घ्यावा?

समजा, लिनक्सवर ओपनजीएल ३.३ (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याचा प्रमाणित इंटरफेस) वापरून लिहिलेली एक चित्रणाची लायब्ररी आहे आणि ती विंडोज व मॅकओएसवरही चालवायची आहे. रस्ते चार. आहे तेच ओपनजीएल ठेवायचे. ओपनजीएल ईएसवर (त्याच्या आटोपशीर आवृत्तीवर) येऊन खाली अँगल जोडायचे. व्हल्कन हा नवा इंटरफेस वापरून मॅकसाठी मोल्टनव्हीके (व्हल्कनचे कॉल मेटलमध्ये उतरवणारी लायब्ररी) घ्यायचे. किंवा डायरेक्टथ्रीडी (विंडोजचा इंटरफेस), मेटल (मॅकचा) आणि व्हल्कनचे वेगवेगळे बॅकएंड, म्हणजे प्रत्यक्ष चित्र काढणारे भाग, लिहायचे. वेगाचे आकडे बघण्याआधी दोन गोष्टी ठरवून टाका: कॉम्प्युट शेडर (शेडर म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम; हे चित्राऐवजी सामान्य गणिते करतात) लागणार का, आणि कोड सांभाळायला माणसे किती.

आहे तेच ओपनजीएल ठेवले तर बदल सगळ्यात कमी. पण अॅपलने ते २०१८ मध्ये, मॅकओएस १०.१४ पासून, कालबाह्य ठरवले आणि तिथली आवृत्ती ४.१ वरच थांबली आहे. कॉम्प्युट शेडर ४.३ मध्ये आले, म्हणजे मॅकवर ते मिळणारच नाहीत. कोअर प्रोफाइल (जुनी फंक्शन वगळलेले ओपनजीएल) स्पष्टपणे मागितले नाही तर मॅक २.१ चा कॉन्टेक्स्ट (ओपनजीएल चालवायची जागा) देतो आणि ओपनजीएल ३.३ च्या जोडीचे ३३० आवृत्तीचे शेडर कंपाइलच होत नाहीत. विंडोजची तऱ्हा वेगळी. तिथली ओपनजीएलची डीएलएल थेट फक्त १.१ पर्यंतची फंक्शन देते, बाकीच्या फंक्शनांचे पत्ते चालू कॉन्टेक्स्टमधून ड्रायव्हरकडे मागावे लागतात. एका विंडोला पिक्सेल फॉरमॅट (रंग, खोली वगैरेंची मांडणी) एकदाच लावता येतो, म्हणून आधी एक तात्पुरती विंडो उघडून, पत्ते मिळवून, ती मोडून खरी विंडो बनवायची. जीएलएफडब्ल्यू किंवा एसडीएल या विंडो सांभाळणाऱ्या लायब्ररी हे सगळे करून देतात. स्वतः लिहिण्यात काही मिळत नाही.

अँगल ही गूगलची लायब्ररी. ती ओपनजीएल ईएसचे कॉल विंडोजवर डायरेक्टथ्रीडी ११, मॅकवर मेटल आणि लिनक्सवर व्हल्कनमध्ये उतरवते. क्रोमचे वेबजीएल (वेबपानांतले ओपनजीएल) हिच्यावरच चालते, त्यामुळे विचित्र ड्रायव्हरांच्या खोड्या तिने आधीच पचवलेल्या आहेत. मोजावी लागणारी किंमत अशी: ईएस ३.० मध्ये जिऑमेट्री शेडर नाही, पॉलिगॉन मोड नाही, फ्रॅगमेंट शेडरमध्ये फ्लोटची प्रिसिजन लिहावीच लागते, आणि फ्लोट टेक्श्चरमध्ये चित्र काढायचे तर एक्स्टेंशन (ड्रायव्हरने दिलेली जादा सोय) आहे का ते तपासावे लागते. बिल्ड करणे जड आहे, क्रोमियमची साधने उतरवावी लागतात. तरीही साध्या चित्रणाच्या लायब्ररीसाठी, एकदोन माणसे असतील तर, आम्ही हाच रस्ता सुचवू.

कॉम्प्युट हवे असेल तर व्हल्कन आणि मोल्टनव्हीके. इथे मॅकवर पहिलाच धक्का बसतो तो इन्स्टन्स (व्हल्कनशी पहिली जोडणी) बनवताना. व्हल्कनचा लोडर (ड्रायव्हर शोधून जोडणारा भाग) १.३.२१६ किंवा नंतरचा असेल तर पोर्टेबिलिटी एन्युमरेशनचे (मोल्टनव्हीकेसारखे अपूर्ण व्हल्कन ड्रायव्हर यादीत घेण्याचे) एक्स्टेंशन चालू करून त्याचा फ्लॅगही द्यावा लागतो. नाहीतर ड्रायव्हर नीट बसवलेला असूनही ‘इनकंपॅटिबल ड्रायव्हर’ ही चूक येते. मेटलमध्ये ट्रायअँगल फॅन (एका बिंदूभोवती पंख्यासारखे त्रिकोण) नाही, त्यामुळे फॅनने भरलेले आकार आधीच साध्या त्रिकोणांच्या यादीत बदलून ठेवा. वेलँडवर (लिनक्सच्या नव्या विंडो व्यवस्थेवर) सरफेसचा, म्हणजे विंडोतल्या चित्र काढायच्या जागेचा, चालू आकार म्हणून ३२ बिटांची सगळ्यात मोठी संख्या येते. त्याचा अर्थ आकार तुम्हीच ठरवा असा आहे. ती तशीच स्वॅपचेनला (पडद्यावर आळीपाळीने दाखवायच्या चित्रांच्या रांगेला) दिली की काम फसते. बॅरियर (आधीचे काम संपेपर्यंत पुढचे थांबवणारी सूचना) विसरला तर एका कार्डवर चित्र ठीक आणि दुसऱ्यावर ठिपके, म्हणून व्हॅलिडेशन लेयर (चुका दाखवणारा तपासनीस थर) बंद ठेवून विकास करूच नका.

ओपनजीएल सोडताना गणितही बदलते. ओपनजीएलमध्ये खोलीचे (कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचे) मूल्य −१ ते १, बाकी तिघांत ० ते १. जुने मॅट्रिक्स तसेच ठेवले तर ऑर्थो प्रोजेक्शनमध्ये (दूरचे लहान न दाखवणाऱ्या) पुढचा अर्धा भाग कापला जातो. पर्स्पेक्टिव्हमध्ये (दूरचे लहान दाखवणाऱ्या) मात्र कॅमेऱ्याला अगदी चिकटलेलेच गायब होते, त्यामुळे ही चूक फार उशिरा सापडते. शिवाय व्हल्कनमध्ये वाय अक्ष खाली जातो, आवृत्ती १.१ पासून व्ह्यूपोर्टला ऋण उंची देऊन तो उलटवता येतो.

वेगवेगळे बॅकएंड लिहिले की सगळ्यात बारीक नियंत्रण हाती येते आणि तीनपट चुकाही. शेडर एकदाच लिहून त्याचे स्पिर-व्ही (शेडरचे मधले बायनरी रूप) करा आणि स्पिर-व्ही क्रॉस या साधनाने बाकीच्या भाषांतले शेडर काढा. हाताने तीन प्रती ठेवू नका. कारण एक उदाहरण बघा: तीन फ्लोटांचा दिशासदिश आणि मागे एक फ्लोट तीव्रता. जीएलएसएलच्या (ओपनजीएलच्या शेडर भाषेच्या) एसटीडी१४० या ठरीव मांडणीत आणि एचएलएसएलच्या (डायरेक्टथ्रीडीच्या) कॉन्स्टंट बफरमध्ये तीव्रता १२ व्या बाइटवर येते. मेटलमध्ये तीन फ्लोटांचा प्रकार १६ बाइट घेतो, म्हणून तीव्रता १६ व्या बाइटवर आणि पूर्ण स्ट्रक्ट ३२ बाइटांचे. दिशा बरोबर, प्रकाश कचरा. पॅक्ड (मध्ये मोकळी जागा न सोडणारा) प्रकार वापरा किंवा चार फ्लोटांत एकत्र भरा. प्रत्येक सिस्टिमला रोज ती वापरणारा एक माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

रस्ता कुठलाही घ्या, विंडोचे प्रश्न सुटत नाहीत. मॅकवर चित्र डाव्या खालच्या पाव भागातच दिसले तर व्ह्यूपोर्टला (चित्र काढायच्या भागाला) विंडोचा आकार दिला गेला आहे. रेटिनावर (अॅपलच्या दाट पिक्सेलांच्या पडद्यावर) फ्रेमबफरचा, म्हणजे खऱ्या पिक्सेलांचा, आकार द्यावा लागतो. विंडोजवर कडा धरून विंडो ओढताना सिस्टिम स्वतःचा लूप चालवते आणि तुमचा थांबतो. चित्रण वेगळ्या थ्रेडवर नेता येते, पण इव्हेंट मॅकवर मुख्य थ्रेडवरच हाताळावे लागतात. वेलँडवर विंडोची जागा ठरवता येत नाही आणि जीनोम डेस्कटॉपवर शीर्षकपट्टी तुम्हालाच रेखाटावी लागते, त्यासाठी लिबडेकॉर ही लायब्ररी वापरा.

पॅकेजिंगमध्ये दोन गोष्टी अडवतात. ६४ बिट विंडोजवर ‘लाँग’ ४ बाइटांचा, लिनक्स आणि मॅकवर ८ चा. फाइलमध्ये लिहायच्या स्ट्रक्टमध्ये निश्चित रुंदीचेच प्रकार ठेवा. आणि लिनक्सची बिल्ड, आधार द्यायचा आहे त्यातल्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोवर करा, कारण नव्या ग्लिबसीवर (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीवर) जोडलेली फाइल जुन्यावर बहुधा उघडतच नाही.